सिस्टरची बेस गिटार आणि माझा शहाणपणा

लोखंडे बाई नसत्या, तर मी आज उजव्या हाताने लिहीत असतो आणि फार वाईट लिहीत असतो.

म्हसवडजवळच्या आमच्या शाळेत तिसरीला त्या माझ्या वर्गशिक्षिका होत्या. दुसरीपर्यंत डावा हात पाटीवर आला की त्यावर पट्टी बसायची. घरी जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसावं लागे. लोखंडे बाईंनी पहिल्याच दिवशी मला फळ्याजवळ बोलावलं, हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "आधी लिहून दाखव. तुला येतं तसं." मी नाव लिहिलं. त्यांनी नीट पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. फक्त माझी जागा बदलली. मला बसकरपट्टीच्या अगदी डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे माझं कोपर शेजारच्याला लागू नये.

त्या टोकावर बसून मी शिकत गेलो ते बी.एस्सी.पर्यंत. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे आधी सांगतो, कारण त्या शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मला बाई आठवायला हव्या होत्या. आठवल्या नाहीत.

"हणमंतभाऊ, मी विशाखा जाधव. परळच्या हॉस्पिटलमधली सिस्टर. माझी गिटार दुसऱ्या कोणाच्या गिटारशी बदलली का हो?"

"नाही सिस्टर, तुमचीच आहे. काय झालं?"

"मग माझे हात बदललेत. दोन तास झाले, एक गाणं धड वाजत नाहीये. आणि संध्याकाळी सातला प्रोग्राम आहे."

मी गिरगावातल्या एका वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो. आलो होतो सहा महिन्यांसाठी, आता पंधरा वर्षं झाली. दुकान पेडणेकर मास्तरांचं. त्यांचा हात व्हायोलिनवर, माझा गिटारवर, त्यातही बेस गिटारवर. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही. पण ती बंद पडली की गाण्याखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. मी स्वतःही बेस वाजवतो, हौस म्हणून, डाव्या हाताने. म्हणजे डाव्या हाताने तार छेडतो आणि उजव्या हाताने सूर दाबतो.

सिस्टर सोमवारी दुपारी आल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, खांद्याला पर्स आणि पाठीवर गिटारची बॅग. ड्युटी संपवून सरळ दुकानात.

"दोनच मिनिटं आहेत माझ्याकडे. ही दादाची गिटार, आता मी वाजवते. मी डावरी आहे. तार फार उंच आहे, बोट दुखतं. आणि खाली बॉडीकडच्या सुरांत बेसूर वाजते. सर्व्हिसिंग करून द्या. शनिवारी मला लागेल."

मी जॉब कार्ड लिहिलं. तार उंच, खाली बेसूर, डावरी. सिस्टर गेल्या.

मी बॅग उघडली. गिटार उजव्या हाताची होती, जुनी, पण लाकूड खणखणीत. तारा उजव्या हाताच्या क्रमाने लावलेल्या. बॉडीच्या खालच्या शिंगासारख्या टोकावर कोणीतरी पट्टा अडकवायचं बटण स्क्रूने बसवलं होतं. म्हणजे ही बाई गिटार फिरवून डाव्या बाजूला धरत होती, पण तारा होत्या तशाच. उजव्या हाताने वाजवणाऱ्याची सर्वांत जाड तार त्याच्या हनुवटीकडे असते. गिटार नुसती फिरवली की ती जमिनीकडे जाते. सगळं उफराटं.

मला भरून आलं. खरंच सांगतो. मीसुद्धा पहिली दोन-तीन वर्षं अशीच उफराट्या तारांवर झटापट करत काढली. मग पेडणेकर मास्तरांनी एके दिवशी माझी गिटार घेतली, तारांचा क्रम बदलून दिला, आणि मला वाटलं, आपल्याला दृष्टी आली. या सिस्टरना इतक्या वर्षांत असं करून देणारा कोणी भेटलाच नसणार. आता मी भेटलो होतो.

गिटारच्या मानेच्या टोकाला एक छोटी हाडाची पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिच्यात चार खाचा असतात, जाड तारेला रुंद, बारीक तारेला अरुंद. तारांचा क्रम बदलायचा तर नट नवा करावा लागतो. मी जुना नट ठोकून काढला. जुन्या गोंदात तो घट्ट बसला होता, त्याचे दोन तुकडे झाले आणि कोपऱ्याची एक कपची उडाली. मला त्याचं काही वाटलं नाही. हाडाचा नवा नट फाइलीने, म्हणजे बारीक कानशीने, घासून तयार केला. नव्या तारा लावल्या, डाव्या हाताच्या क्रमाने. जास्तीची टोकं कापली. मानेच्या आत वाक सांभाळणारी एक लोखंडी सळई असते, ती पाव फेरा आवळून तारांची उंची खाली आणली. मग तारांचं खालचं टोक धरणाऱ्या ब्रिजवरची प्रत्येक तारेची टेकण पुढेमागे सरकवून खालचे सूर जुळवले. दीड दिवस लागला. नटचं काम मी बिलात लावलंच नाही. माझ्याकडून भेट.

दोन गोष्टी माझ्यासमोर आल्या होत्या आणि मी त्या सोडून दिल्या. एक म्हणजे गिटारच्या, तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकपवर, जिथे वाजवणारा अंगठा टेकवतो, तिथे झिजून चकचकीत झालेले दोन डाग होते. एक जाड तारेच्या बाजूला, एक बारीक तारेच्या बाजूला. मी म्हटलं, जुनी गिटार आहे, झिजायचीच.

दुसरी गोष्ट मास्तरांनी विचारली होती.

"वाजवून बघितलीस?"

"बघितली ना मास्तर. लोण्यासारखी चालतेय."

"तू नाय रे. त्या बाईंनी वाजवून बघितली?"

"त्यांना ड्युटी होती."

मास्तर "हं" म्हणाले आणि व्हायोलिनला सरस लावत बसले.

गुरुवारी सिस्टर आल्या तेव्हाही घाईत होत्या. बॅग पाठीवर टाकली. आमच्या दुकानाचा एक नियम आहे. काढलेला पार्ट, मोडका असला तरी, गिऱ्हाइकाला परत द्यायचा. तसं मी जुन्या तारा आणि नटचे तुकडे घातलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं. "आता बघा कशी वाजते," मी म्हणालो. सरप्राइज म्हणून सांगितलं काहीच नाही. शुक्रवारी त्यांना डबल ड्युटी लागली. बॅग उघडली ती शनिवारी सकाळी.

फोन ठेवला. मास्तरांना सांगितलं.

"त्यांना एकदा तरी वाजवताना बघितलंस?"

"नाही."

"मग तू दुरुस्त काय केलंस?"

मग ते म्हणाले, "दुकान मी बघतो. फाइलींचा डबा घे, टॅक्सी पकड. आणि तिथे गेल्यावर तोंड बंद ठेव. आधी बघ."

काळाचौकीला त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. खाली मैदानात स्टेज बांधणं चालू होतं, निळे झेंडे लागत होते. जयंतीचा कार्यक्रम होता. चाळीची स्वतःची गायन पार्टी आहे, दरवर्षी तीच गाते. खोलीत खिडकीजवळ खुर्चीत सिस्टरचे मोठे भाऊ आनंद जाधव बसले होते. प्रिंटिंग प्रेसमधून रिटायर झालेले. पार्टीत सत्तावीस वर्षं बेस यांनी वाजवली. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला. तेव्हापासून पार्टी बेसशिवाय गात होती.

मी चप्पल काढतोय तेवढ्यात मागून पार्टीचे गायक बबन दारात आले.

"काय गं विशाखा, झालं का? पाचला साउंडचेक आहे. नसेल जमत तर सांग, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस घेईल. तू आपली पुढे बसून टाळ्या दे."

"पाचला येते, बबनदा."

"नाही, टेन्शन घेऊ नको म्हणून म्हटलं."

"टेन्शन तू देतोयस. जा आता."

ते गेले. सिस्टर माझ्याकडे वळल्या. आवाज शांत होता, पण त्या मधूनमधून ओठ घट्ट मिटत होत्या.

"हणमंतभाऊ, मी कधी स्टेजवर वाजवलेलं नाही. दोन महिने लागले मला स्वतःहून 'मी वाजवू का' एवढं विचारायला. आज कीबोर्डवर भागलं, तर पुढच्या वर्षी मला कोणी विचारणार नाही. आणि मीही परत विचारणार नाही. मला माहितेय मी कशी आहे ते."

मास्तरांनी सांगितलं होतं तसं मी फक्त एवढंच म्हणालो, "मला वाजवून दाखवा. तारांकडे बघू नका. जसं वाजवता तसं."

त्यांनी गिटार गळ्यात घातली. नजर समोर भिंतीवर. डाव्या हाताचा अंगठा आपसूक पिकपच्या वरच्या कडेला टेकला, बरोबर त्या दुसऱ्या डागावर. आणि बोटं लांब खाली, जमिनीकडच्या तारेवर गेली. तिथे त्यांना जाड तार हवी होती. तिथे मी बारीक तार लावून ठेवली होती. किणकिण असा पोरकट आवाज आला. त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा मला कळलं. त्या उफराट्या तारांशी झटापट करत नव्हत्या. त्या उफराट्या तारांवर वाजवायला शिकल्या होत्या. त्यांच्या बोटांना तोच क्रम माहीत होता. मी त्यांना आयता डाव्या हाताचा क्रम दिला होता, म्हणजे त्यांच्यासाठी अख्खी भाषाच बदलून ठेवली होती.

"तुम्ही तारा तशाच ठेवून शिकलात?" मी विचारलं.

"मग काय करणार? दादा प्रेसला गेला की मी चोरून काढायचे. संध्याकाळी त्याला वाजवायची असायची. तारा बदलल्या असत्या तर लगेच कळलं असतं. म्हणून फक्त फिरवून धरायची, वाजवायची, परत खुंटीला. पंधरा-सोळा वर्षांची होते."

खुर्चीतून आनंददादा हसले. झटक्यानंतर त्यांचे शब्द थोडे जड झाले होते, पण स्पष्ट कळत होते.

"आणि मला कळलं नाही, असं वाटतं हिला."

सिस्टर गर्रकन वळल्या. "काय?"

"माझा अंगठा टेकायचा तो आता खाली गेलेल्या डागावर. मग हा दुसरा डाग काय उंदराने पाडला?"

"तुला माहीत होतं? तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"बोललो असतो तर तू लाजून थांबली असतीस. मी काय केलं, प्रेसमधून यायला अर्धा तास उशीर करायला लागलो. आई ओरडायची, कुठे उंडारतो म्हणून."

सिस्टरनी गिटार गळ्यातून काढून माझ्यापुढे धरली. त्या क्षणी, मी सांगितलं तसं फार उशिरा, मला लोखंडे बाई आठवल्या. आणि दुसरीपर्यंतच्या त्या पट्ट्याही आठवल्या. माझ्या हातात पट्टी नव्हती, फाइल होती, आणि मन चांगलं होतं. पण केलं होतं तेच. समोरच्याचा हात न बघता त्याला सरळ करून टाकलं होतं.

"सिस्टर, चूक माझी आहे. जसं होतं तसं करून देतो," मी म्हणालो. "पण एक अडचण आहे. नव्या तारा मी नव्या क्रमाने कापल्या. बारीक तार आता लांबच्या खुंटीपर्यंत पोचणार नाही. आणि जुना नट मोडलाय. ते पाकीट आहे का अजून? की टाकलंत?"

"टाकलं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. "मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. आत गेलेली आणि बाहेर आलेली प्रत्येक वस्तू मोजून झाल्याशिवाय आमच्याकडे काही टाकत नाहीत." कपाट उघडून त्यांनी पाकीट आणलं. "चार तारा, दोन तुकडे. मोजून घ्या."

जुन्या तारा जुन्या क्रमाने कापलेल्या होत्या, म्हणजे बरोबर बसणार होत्या. प्रश्न नटचा. दोन तुकडे गोंदाने जुळले, पण जाड तारेच्या खाचेची एक भिंत उडालेली कपची घेऊन गेली होती. ती कपची पाकिटात नव्हती, गिरगावात जमिनीवर कुठेतरी झाडली गेली होती. नवं हाड घासायला दुकानातली पकड हवी. घड्याळात दीड वाजला होता.

"सिस्टर, घरात खायचा सोडा आहे?"

"भज्यांचा?"

"हो, तोच."

त्या गोंधळल्या, पण डबी आणून दिली. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. मोडलेल्या जागी चिमूटभर सोडा दाबून भरायचा आणि त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडायचा. सोडा तो पिऊन टाकतो, थोडा धूर निघतो आणि क्षणात दगड होतो. मग फाइलीने त्यात खाच काढायची. आनंददादा मान पुढे काढून बघत होते.

"सत्तावीस वर्षं वाजवली मी," ते म्हणाले, "हिच्यात भज्यांचा सोडा जातो, हे आज कळलं."

"टिकेल का?" सिस्टरनी विचारलं.

"आजचा प्रोग्राम नक्की टिकेल. आठवड्यात हाडाचा नवा करून देतो. जुन्या क्रमाचा," मी म्हणालो. शेवटचे दोन शब्द मी जरा जोरात म्हणालो असेन.

नवा नट मी गोंदाच्या दोनच थेंबांवर बसवला होता, हलक्या ठोक्याने सुटला. जुना बसवला. जुन्या तारा चढवल्या. ब्रिजवरच्या टेकणी परत उलट क्रमाने सरकवून सूर जुळवले. सळईला हात लावला नाही. तारांची उंची कमी झाली होती तेवढी राहिली, आणि खरं तर त्यांनी सोमवारी मागितलं होतं ते एवढंच. पावणेचार वाजले.

गिटार त्यांच्या हातात दिली आणि मी जमिनीवर बसून राहिलो. त्यांनी अंगठा टेकवला. बोटं खाली गेली. या वेळी खोलीच्या फरशीतून काहीतरी सरकत गेल्यासारखा तो जाड, गोल आवाज आला. तार छेडताना त्यांचं बोट बारीक तारेच्या दिशेने जात होतं. आमचं जाड तारेच्या दिशेने जातं. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सुराला सुरुवातीला एक हलकी उचल होती. तशी मी पंधरा वर्षांत ऐकली नव्हती, आणि परवा मी ती कायमची बंद करायला निघालो होतो.

"बोट दुखतंय?" मी विचारलं.

"नाही." त्या वाजवत राहिल्या. "खाली पण सुरात आहे. बरं झालं हो."

मी कार्यक्रमाला थांबलो. खाली आनंददादांची खुर्ची पहिल्या रांगेत आणून ठेवली होती, मी त्यांच्या शेजारी बसलो. सिस्टर स्टेजवर अगदी मागे, ड्रमच्या बाजूला. तिसऱ्या गाण्यात एका ठिकाणी त्या चुकल्या. बबनना कळलं नाही, लोकांना कळलं नाही. आनंददादांनी माझ्या गुडघ्यावर डाव्या हाताने टकटक केलं, म्हणजे त्यांना कळलं होतं. पुढच्या कडव्याला तीच जागा परत आली आणि बरोबर गेली. तेव्हा त्यांनी परत एकदा टकटक केलं.

शेवटचं गाणं झाल्यावर बबन माइकवरून सगळ्यांची नावं घेत होते. सिस्टरचं नाव आलं तेव्हा "आमची विशाखा" म्हणून थांबले, मग म्हणाले, "पुढच्या वर्षी पण हीच." मैदानातून शिट्ट्या आल्या.

सोमवारी मी जॉब कार्डावर एक ओळ वाढवली. "गिऱ्हाइकाने वाजवून दाखवले: हो / नाही." मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं. "पंधरा वर्षं लागली," ते म्हणाले आणि कार्डांचा गठ्ठा छापायला पाठवून दिला. आता 'नाही'वर खूण असेल तर आम्ही स्क्रूला हात लावत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तर म्हणतो, घाई नसेल तेव्हा या. काही चिडतात. चिडू देतो.

त्याच संध्याकाळी मी एक पत्र लिहिलं. पाठवलं ते असं.

आदरणीय बाईंना सा. न.

मी हणमंत. तिसरीला तुमच्या वर्गात बसकरपट्टीच्या डाव्या टोकाला बसायचो. मी आता मुंबईत वाद्यं दुरुस्त करतो. पदवीचा पेढा घेऊन आलो होतो, त्यानंतर येणं झालं नाही, त्याबद्दल क्षमा करा.

गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. एका डावऱ्या बाईंचं वाद्य मी त्यांना न विचारता, मला योग्य वाटलं तसं करून दिलं. त्यांची पद्धत वेगळी होती आणि चांगली होती. वेळेत सुधारता आलं, कार्यक्रम नीट झाला.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की लोखंडे बाईंनी मला डाव्या हाताने लिहू दिलं. ते अर्धवट होतं, हे मला आता कळलं. तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला नव्हतात आणि नाहीही म्हणाला नव्हतात. तुम्ही मला फळ्याजवळ नेलंत, खडू दिलात, आणि मी लिहीत असताना बघितलंत. जागा त्यानंतर बदललीत. माझ्या कामात मी नेमकी तेवढीच पायरी गाळली होती. आता ती दुकानाच्या कार्डावर छापून घेतली आहे. तिथे तुमचं नाव नाही, पण ती ओळ तुमचीच आहे.

सुट्टीत गावी येईन तेव्हा तुमच्या पायांवर डोकं ठेवायला येतो.

वर काही ओळींत शाई पुसली गेली आहे. लिहिता लिहिता हात त्यावरून गेला, तो अजून तसाच जातो. तुम्हाला वाचता येईल. तुम्हाला तेव्हाही यायचं.

तुमचा विद्यार्थी,
हणमंत